ॲसेटो कोर्सामध्ये काळी-पिवळी: गाडीची स्किन कोऱ्या टेम्पलेटपासून ट्रॅकपर्यंत

कॉम्प्युटरवरच्या शर्यतीच्या खेळात गाडीला जो रंगाचा पेहराव चढवतात ती स्किन. ती म्हणजे गाडीवर चिकटवायचं एक चित्र, असं धरून बसलं की गाडी एक तर काळी ठिक्कर दिसते, नाहीतर प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी. चित्र काढणं हे यातलं सोपं काम. गाडीचा रंग खरा वाटतो तो त्या चित्रामागच्या दोन नकाशांमुळे, आणि बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. म्हणून या लेखात रंगसंगतीवर कमी आणि त्या नकाशांवर जास्त लिहिलं आहे.

खेळ घेतला आहे ॲसेटो कोर्सा, इटलीच्या कुनोस सिमुलाझिओनीने २०१४ मध्ये पूर्ण स्वरूपात आणलेला. वय झालं असलं तरी स्किन करायला शिकण्यासाठी हाच बरा, कारण यात सगळं उघड्या फोल्डरमध्ये असतं. उदाहरणाला मूळ खेळातलीच आबार्थ ५०० ही गाडी घेऊ आणि तिला मुंबईची काळी-पिवळी करू. हे नातं ओढूनताणून आणलेलं नाही. आबार्थ ५०० ही फियाट ५०० ची तापट बहीण, आणि मुंबईची जुनी टॅक्सी, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, ही फियाट ११०० वरूनच आलेली. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. खेळातल्या ट्रॅकवर तिला कुणी अडवत नाही.

काय काय लागतं

चित्रासाठी गिंप पुरेसा आहे. २.१०.१० पासून त्यात डीडीएस (खेळातली चित्रं या प्रकारात असतात) फाइल उघडण्याची आणि साठवण्याची सोय आतच आहे. फोटोशॉप असेल तर एनव्हिडियाचं टेक्स्चर एक्सपोर्टर वेगळं बसवावं लागतं. अक्षरं आणि चिन्हांसाठी इंकस्केप. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कंटेंट मॅनेजर, म्हणजे या खेळातल्या गाड्या-ट्रॅक सांभाळणारा वेगळा प्रोग्राम, कारण त्यातल्या कस्टम शोरूमशिवाय, म्हणजे गाडी सगळीकडून फिरवून दाखवणाऱ्या खिडकीशिवाय, हे काम म्हणजे डोळे बांधून भिंत रंगवणं. शोरूम उघडं ठेवून स्किनच्या फोल्डरमध्ये फाइल साठवली की समोरच्या गाडीवर बदल लगेच दिसतो. खेळ बंद करा, चालू करा, ट्रॅक लोड होईपर्यंत चहा प्या, ही भानगड नाही.

माउस चालतो. पेन टॅब्लेट लागतो तो फक्त हाताने गंज, ओरखडे, धूळ रंगवायची असेल तर.

फोल्डर आधी, रंग नंतर

स्टीमच्या (जिथून खेळ उतरवून घेतात त्या ऑनलाइन दुकानाच्या) फोल्डरमध्ये ॲसेटो कोर्सा, त्यात कंटेंट, त्यात कार्स, त्यात गाडीच्या नावाचं फोल्डर आणि त्यात स्किन्स. या स्किन्समध्ये प्रत्येक रंगाचं एक वेगळं फोल्डर दिसेल. त्यातलं एक कॉपी करा आणि नाव बदला. नाव रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता द्या. जागेऐवजी अंडरस्कोर वापरा. मूळ स्किनच्या फोल्डरमध्ये मात्र कधीच काम करू नका. स्टीमने फाइल्स तपासून दुरुस्त केल्या की तुमची मेहनत पुसली जाऊन मूळ रंग परत येतो.

आता नियम. गाडीचं त्रिमिती मॉडेल केएन५ नावाच्या एका मोठ्या फाइलमध्ये असतं आणि तिची सगळी टेक्स्चर्स, म्हणजे तिच्यावर चढणारी चित्रं, त्याच फाइलच्या पोटात असतात. स्किनच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल सापडली तर खेळ पोटातली सोडून बाहेरची घेतो. नाव जुळलं नाही तर खेळ काहीही न बोलता मूळचीच दाखवतो, चूक झाली म्हणून सांगत नाही. नाव एक्स्टेन्शनसकट जुळायला हवं. पोटात डीडीएस असेल तर बाहेर पीएनजी ठेवून उपयोग नाही. ‘मी रंगवलंय पण दिसतच नाही’ ही तक्रार दहातल्या आठ वेळा इथेच संपते.

कोणती फाइल कुठे लागते हे शोधायला शोरूममध्ये गाडीच्या दारावर क्लिक करा. बाजूला त्या भागाच्या मटेरियलचं नाव आणि त्याला जोडलेली टेक्स्चर्स दिसतात: डिफ्यूज, नॉर्मल, मॅप्स, डीटेल. डिफ्यूज म्हणजे रंगाचं चित्र. मॅप्स म्हणजे चकाकीचा नकाशा. डीटेल म्हणजे पेंटमधली बारीक कणी. ही तिन्ही नावं कागदावर लिहून ठेवा. मग छत, बॉनेट, आरसे, बंपर, नंबर प्लेट, रिम, असं एकेक क्लिक करत पाहा. बरेचदा आरसे किंवा बंपरचा खालचा भाग वेगळ्याच फाइलवर असतो, आणि ते शेवटच्या दिवशी कळतं.

जाळी काढून घ्या

टेक्स्चरवर क्लिक केलं की उघडणाऱ्या खिडकीत त्या भागाची मॅपिंगची जाळी चित्र म्हणून साठवून घेता येते. त्याच ठिकाणी एओ, म्हणजे फटी आणि कोपऱ्यांतली मऊ सावली, तयार करून घेण्याचीही सोय आहे. गाडी बनवणाऱ्याने पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या प्रकारातलं, टेम्पलेट दिलं असेल तर हे दोन्ही त्यात लेअर म्हणून आयतं मिळतं, आणि गिंप पीएसडी उघडतो.

जाळी म्हणजे गाडीची कातडी सोलून सपाट अंथरलेली. शिंप्याने कापड बेतावं तसे तुकडे पडलेले असतात: एक बाजू इथे, छत तिथे, बॉनेट आडवं. काही तुकडे उलटे, काही नव्वद अंशात फिरवलेले. तुकड्यांचं प्रमाणही सारखं नसतं. दार मोठं आणि मागचा बंपर त्याच्या निम्म्या मापात, असं सर्रास असतं.

म्हणून रंगकामाआधी चाचणीचं चित्र करा. कॅनव्हासवर ६४ पिक्सेलच्या चौकटी पाडा, प्रत्येक चौकटीत आकडा घाला, चित्र बॉडीच्या टेक्स्चरच्या नावाने साठवा आणि शोरूममध्ये गाडी फिरवून पाहा. तीन गोष्टी कळतात. दाराच्या कडेची २१७ नंबरची चौकट मागच्या मडगार्डच्या नेमक्या कोणत्या चौकटीला भिडते. कुठे चौकटी ताणल्या आहेत. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची: डाव्या आणि उजव्या बाजूला एकच आकडे दिसतात का. दिसले तर दोन्ही बाजू एकाच तुकड्यावर बसवलेल्या आहेत, आणि एका बाजूला आकडे आरशातल्यासारखे उलटे आहेत. रस्त्यावरच्या गाड्यांत हे बऱ्याचदा आढळतं. अशा गाडीवर बाजूला अक्षरं लिहू नका. एका बाजूला ती उलटी वाचली जाणारच, त्यावर चित्रात इलाज नाही. पट्टे, ठिपके, दुरंगी विभागणी करा. काळी-पिवळीला हे फारसं नडत नाही, दोन्ही अंगं सारखीच असतात. दारावरचा टॅक्सी नंबर तेवढा सोडून द्यावा लागतो.

रंगकाम

कॅनव्हासचं माप मूळ टेक्स्चरइतकं किंवा त्याच्या दुप्पट घ्या. बाजू २ च्या घातात हवी: १०२४, २०४८, ४०९६. लेअर खालून वर अशा लावा: मूळ रंग, दुसरा रंग, पट्टे, चिन्हं आणि आकडे, त्यावर एओ मल्टिप्लाय मोडमध्ये ५० ते ७० टक्क्यांवर, आणि सगळ्यात वर जाळी. जाळीची लेअर एक्सपोर्टच्या वेळी बंद करा. हे सांगायची गरज नसावी, पण कोळ्याचं जाळं बसल्यासारख्या गाड्या दर आठवड्याला कुठे ना कुठे दिसतात.

पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा टाळा. (रंगाचे आकडे ० ते २५५ असतात.) खेळाचा प्रकाश वर ऊन चढवतो. २५५ पांढरा उन्हात इतका फटफटतो की त्यावरची एओ आणि कडा दिसेनाशा होतात. शून्य काळा सावलीत भोकासारखा दिसतो. पांढरा २२५ ते २३० पर्यंत आणि काळा १२ ते १६ च्या आसपास ठेवला की बरं पडतं. टॅक्सीचा काळा, लाल-हिरवा-निळा या क्रमाने, १४, १४, १६ घ्या. पिवळा २१५, १५५, १० पासून सुरू करा. स्क्रीनवर तो हळदीसारखा मंद वाटेल, पण ट्रॅकवर दुपारच्या उन्हात नेमका टॅक्सीचा होतो. चित्रात झगझगीत पिवळा घेतला तर गाडी लिंबासारखी दिसते.

प्रमाणाचा हिशेब एकदा मांडून ठेवा. आबार्थ ५०० ची लांबी सुमारे ३.६५ मीटर. समजा तुमच्या ४०९६ च्या कॅनव्हासवर तिची बाजू ३००० पिक्सेल व्यापते. म्हणजे एक पिक्सेल साधारण १.२ मिलिमीटर. खऱ्या गाडीवर सेंटीमीटरभर जाडीची रेघ हवी तर ८ पिक्सेल. तीन पिक्सेलपेक्षा बारीक रेघ शोरूममध्ये जवळून सुंदर दिसते आणि ट्रॅकवर दोन गाड्यांच्या अंतरावर नाहीशी होते. चिन्हं ठेवायची ती मोठी आणि मोजकी.

काळा-पिवळा जोड

काळी-पिवळीत अंग काळं आणि छत पिवळं. वाटायला सोपं, पण दोन्ही रंग भेटतात ते खिडकीच्या खांबांच्या बुडाशी, आणि खांब बहुधा बाजूच्या तुकड्यावर असतात, छत वेगळ्या तुकड्यावर. रेषा दोन्ही तुकड्यांवर एकाच जागी पोचली पाहिजे. चौकटीचं चित्र इथे कामाला येतं. बाजूच्या तुकड्यावर रेषा चौकट ८८ च्या मधून जात असेल, तर तिला भिडणारी छताच्या तुकड्यावरची चौकट शोधा आणि तिथेही मधोमध रेषा घ्या. मग शोरूममध्ये सांध्यावर झूम करा. दोन-चार पिक्सेलचा फरक राहतोच, तो सरकवून घालवायचा. तिरक्या पट्ट्यांना हे आणखी छळतं, कारण दोन तुकड्यांचं प्रमाण वेगळं असलं की पट्ट्याचा कोन आणि जाडीही वेगळी लागते. रंगांची हद्द शक्यतो गाडीच्याच फटीवर किंवा रबराच्या पट्टीवर आणून सोडा. खरे रंगारी मास्किंग टेप तिथेच लावतात, आणि चूक तिथे लपते.

प्रत्येक तुकड्याचा रंग त्याच्या कडेपलीकडे किमान १६ पिक्सेल पसरू द्या. कारण असं: लांबून पाहताना खेळ चित्राच्या लहान केलेल्या प्रती वापरतो, त्यांना मिपमॅप म्हणतात. चौथ्या प्रतीत १६ पिक्सेल एका पिक्सेलएवढे होतात. कडेबाहेर पांढरी पार्श्वभूमी सोडली असेल तर ती आत झिरपते आणि काळ्या गाडीच्या सांध्यांवर पांढऱ्या दोऱ्यासारख्या रेषा दिसतात. काळ्या गाडीला पार्श्वभूमीच काळी घेतली की हा प्रश्न आपोआप मिटतो. छताच्या तुकड्याभोवती तेवढा पिवळा सैल पसरवायचा.

देवनागरी अक्षरं लिहिताना

टॅक्सीवर काही मराठीत लिहायचं असेल तर तीन ठिकाणी ठेच लागते. जोडाक्षरं आणि वेलांट्या गिंप आणि इंकस्केपमध्ये नीट जुळतात. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या प्रेफरन्समधून वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावा लागतो, नाहीतर ‘क्स’ फुटतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. रुंद शब्द हवा तर रुंद फाँट घ्या.

तिसरी ठेच बाह्यरेषेची. इंकस्केपमध्ये शब्दाचं पाथमध्ये रूपांतर करून त्याला जाड काठ दिला की प्रत्येक अक्षराचा काठ वेगळा उमटतो आणि शिरोरेषेवर उभ्या चिरा पडतात, कारण अक्षरांचे आकार शिरोरेषेपाशी एकमेकांवर चढलेले असतात. काठ देण्याआधी सगळी अक्षरं निवडून पाथच्या मेनूतलं युनियन करा. चिरा गेल्या. फाँट म्हणून मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे, मुक्त परवान्याचे, ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ चांगले. बलू जाड आहे आणि पाटी रंगवल्यासारखा दिसतो. शब्द ४००० पिक्सेल रुंदीत पीएनजी करून मग गिंपमध्ये लहान करा. उलटं, म्हणजे लहान करून मोठं करणं, नको.

अल्फा: खरी मेख इथे

डिफ्यूज चित्राला तीन रंगांपलीकडे चौथी पट्टी असते, अल्फा. आपण तिला पारदर्शकता म्हणून ओळखतो. ॲसेटो कोर्साच्या पेंटमध्ये, जिथे डीटेल चालू असतं तिथे, तिचा पारदर्शकतेशी संबंध नाही. ती खेळाला एवढंच सांगते की इथे डीटेलचा पेंट किती लावायचा. अल्फा काळा असेल तिथे डिफ्यूजचा रंग डीटेलच्या रंगाने गुणला जातो. अल्फा पांढरा असेल तिथे डीटेल गायब, फक्त डिफ्यूज. म्हणजे अल्फा काळा तो पेंट, पांढरा तो स्टिकर.

आता हे जवळून पाहू. समजा तुम्ही कॉपी केलेली स्किन लाल होती आणि तिच्या डीटेल फाइलचा रंग १८०, २०, २० आहे. तुम्ही छतावर पिवळा २१५, १५५, १० भरला आणि अल्फा काळाच राहिला. गुणाकार करा: २१५ गुणिले १८० भागिले २५५ म्हणजे १५२, हिरव्याचे १५५ गुणिले २० भागिले २५५ म्हणजे १२, निळा जेमतेम १. छत विटकरीपेक्षाही गडद लाल होतं. माणूस पिवळा आणखी उजळ करत बसतो आणि छत लालच राहतं. दोष पिवळ्यात नाही, डीटेलमध्ये आहे.

यातून बाहेर पडायचे दोन रस्ते. पहिला: डीटेल फाइल काळी करा, गाडीचं अंग अल्फा काळ्यावर ठेवा, डिफ्यूज तिथे जवळजवळ पांढरा ठेवा, आणि पिवळं छत स्टिकर म्हणून अल्फा पांढऱ्यावर रंगवा. जलद होतं, पण छताला पेंटची कणी मिळत नाही, ते विनाइल चिकटवल्यासारखं सपाट दिसतं. रेसच्या गाडीला चालेल, टॅक्सीला नाही. दुसरा रस्ता: डीटेल फाइल करडी-पांढरट करा, सरासरी २३० च्या आसपास, मूळची कणी तशीच ठेवून फक्त रंग काढून टाका. गिंपमध्ये डीसॅच्युरेट करून लेव्हल्सने उजळ करा. मग काळा आणि पिवळा दोन्ही डिफ्यूजमध्ये रंगवा आणि दोन्हीकडे अल्फा काळा ठेवा. २३० म्हणजे सुमारे ०.९, तेव्हा पिवळा १९४, १४०, ९ होतो, थोडा गडद, पण पेंट पेंटसारखा दिसतो. अक्षरं आणि चिन्हं तेवढी पांढऱ्या अल्फात. हाच रस्ता धरावा.

हे साठवताना गिंप एक खोडी काढतो. अनेक लेअर एकत्र करताना जिथे पूर्ण पारदर्शक असतं तिथला रंग तो टाकून देतो, काळा धरतो. चित्रात काही कळत नाही, कारण पारदर्शक भाग दिसतच नाही. खेळात मात्र काळा गुणिले काहीही म्हणजे काळा. सगळी गाडी काळी ठिक्कर होते ती यानेच, आणि आपली गाडी अर्धी काळीच असल्याने ते पटकन लक्षातही येत नाही. छत काळं पडलं की समजायचं. म्हणून क्रम असा ठेवा:

१. इमेजची प्रत काढा. मूळ लेअरवाली फाइल गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात जपा.
२. प्रतीत जाळी बंद करून सगळं फ्लॅटन करा. आता पारदर्शकता उरलेली नाही.
३. लेअरला अल्फा चॅनल जोडा, मग पांढरा लेअर मास्क जोडा.
४. वेगळ्या फाइलमध्ये केलेला अल्फाचा काळा-पांढरा नकाशा त्या मास्कमध्ये पेस्ट करून अँकर करा.
५. ‘अप्लाय लेअर मास्क’ करा. चित्र जवळजवळ अदृश्य होईल. घाबरू नका, रंग खाली शाबूत आहे.
६. लगेच डीडीएस म्हणून एक्सपोर्ट करा. मधे दुसरं काही करू नका.

अल्फाच्या नकाशात स्टिकरच्या कडा किंचित मऊ ठेवा, एक-दोन पिक्सेल. टोकदार कडा लांबून चमकतात.

चकाकीचा नकाशा

मॅप्स फाइल पाहिली की ती गुलाबी-जांभळी-हिरवट दिसते आणि बहुतेक जण तिला हात लावत नाहीत. तिचे तीन चॅनल तीन वेगळी कामं करतात. लाल: पृष्ठावर उमटणारा उन्हाचा ठिपका किती उजळ. हिरवा: तो ठिपका किती टोकदार, म्हणजे पृष्ठ किती गुळगुळीत. निळा: आजूबाजूचं प्रतिबिंब किती. चकचकीत पेंटला मूळ फाइलमध्ये तिन्ही जास्त असतात. मॅट करायचं तर लाल ८० च्या आसपास, हिरवा ४०, निळा १० पासून सुरू करून शोरूममध्ये पाहत सरकवा. प्रत्येक गाडीच्या मटेरियलची स्वतःची मर्यादा असते, म्हणून हे आकडे सुरुवातीपुरतेच.

नेहमीची चूक अशी, की मॅटसाठी फक्त निळा कमी करतात. प्रतिबिंब जातं, पण उन्हाचा टोकदार ठिपका तसाच राहतो आणि गाडी ओल्या रबरासारखी दिसते. हिरवा उतरवल्याशिवाय मॅट होत नाही. आपल्या टॅक्सीला उलट थोडी थकलेली चकाकी हवी, मुंबईच्या दमट हवेत वीस पावसाळे काढलेली. छत आणि बॉनेटच्या वरच्या बाजूला हिरवा २० ते ३० ने खाली आणा, मोठ्या मऊ ब्रशने, सगळीकडे सारखा नाही. बाजूंना कमी. ऊन वरून पडतं, पेंट वरच विटतो. मॅप्समध्ये काचेची रबरं, दिव्यांच्या कडा असे भागही असू शकतात, त्यांना धक्का लावू नका. फक्त पत्र्याचे तुकडे निवडून काम करा.

एक्सपोर्ट आणि फाइलचं वजन

गिंपच्या एक्सपोर्ट खिडकीत कॉम्प्रेशन बीसी३, म्हणजेच डीएक्सटी५, निवडा आणि मिपमॅप तयार करायला सांगा. डीएक्सटी१ मध्ये अल्फा धड उरत नाही. ते निवडलं तर सगळीकडे अल्फा पांढरा धरला जातो, डीटेल जातं आणि पेंट बोथट होतो. अल्फाची गरज नसलेल्या मॅप्स फाइलला डीएक्सटी१ चालतं. ती निम्म्या वजनात बसते.

वजनाचा हिशेब सोपा आहे. डीएक्सटी५ मध्ये एका पिक्सेलला एक बाइट. ४०९६ बाय ४०९६ म्हणजे १६ एमबी, मिपमॅपसकट सुमारे २१. कॉम्प्रेशन न करता तीच फाइल ६४ एमबी, मिपमॅपसकट ८५. चोवीस गाड्यांच्या शर्यतीत प्रत्येकाची वेगळी स्किन धरली तर पहिल्या प्रकारात ग्राफिक्स कार्डवर साधारण ५०० एमबी जातात, दुसऱ्यात २ जीबी. तुमच्या एका गाडीवर फरक जाणवत नाही, पण तुमच्याबरोबर धावणाऱ्याचं जुनं कार्ड गुदमरतं. साध्या दुरंगी टॅक्सीला २०४८ पुरतं. ४०९६ बारीक अक्षरं असतील तेव्हाच.

डीएक्सटीची एक खोड लक्षात ठेवा. ते चित्राचे ४ बाय ४ पिक्सेलचे चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनात दोनच मूळ रंग आणि त्यांमधल्या दोन छटा ठेवतं. काळा-पिवळा जोड त्यात छान बसतो. पण त्याच चौकोनात लाल बिल्ला आला की तिसरा रंग माती खातो आणि कडा चिखलट होतात. लहान चिन्हांभोवती एकाच रंगाची चार-पाच पिक्सेलची पट्टी सोडली की हे बरंच कमी होतं. रंग हळूहळू बदलत जाणारी छटा घेतली तर पायऱ्या दिसतात, कारण लाल आणि निळ्याला ३२ च पातळ्या मिळतात आणि हिरव्याला ६४. छटेवर अगदी हलका नॉइज टाका, पायऱ्या मोडतात.

मिपमॅप विसरले तर शोरूममध्ये काहीच कळत नाही. ट्रॅकवर समोरची गाडी शंभर मीटरवर गेली की तिच्या कडा आणि अक्षरं लुकलुकायला लागतात.

नंबर प्लेट आणि बाकीचं किरकोळ

नंबर प्लेट बहुधा वेगळ्या छोट्या टेक्स्चरवर असते. आपल्याकडे टॅक्सीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं. एमएच ०१ ही ताडदेवची खूण, पुढचा आकडा कुणाच्या खऱ्या गाडीचा नसेल असा घ्या. युरोपातली पाटी लांबट असते, त्यामुळे अक्षरं आडवी ताणावीशी वाटतात. ताणू नका, दोन बाजूंना पिवळी जागा सोडा.

स्किनच्या फोल्डरमध्ये आणखी तीन फाइल्स लागतात. यूआय स्किन नावाच्या जेसन फाइलमध्ये स्किनचं नाव, ड्रायव्हर, देश, संघ, नंबर आणि प्राधान्य असे रकाने असतात. नोटपॅडने भरा, पण स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं मोडू देऊ नका, नाहीतर नाव कोरं दिसतं. लिव्हरी नावाची ६४ बाय ६४ ची पीएनजी म्हणजे यादीतलं छोटं चिन्ह. आपल्याला वर पिवळा, खाली काळा, एवढंच पुरे. प्रिव्ह्यू जेपीजी १०२२ बाय ५७५ ची असते, ती कंटेंट मॅनेजर स्वतः काढून देतो. ड्रायव्हरचा सूट, हातमोजे आणि हेल्मेट स्किन नावाच्या आयएनआय फाइलमधून बदलतात. खाकी गणवेश हवा असेल तर सूटचं टेक्स्चर वेगळं रंगवावं लागेल.

ट्रॅकवर नेऊन पाहा

शोरूमचा प्रकाश गोड असतो. निर्णय ट्रॅकवर घ्या, तीन वेळा: भर दुपारी, संध्याकाळी सूर्य खाली असताना, आणि ढगाळ हवेत. दुपारी पिवळा फटफटतो का ते पाहा, संध्याकाळी काळ्यावर सांध्यांच्या रेषा उठतात का, ढगाळ हवेत काळा आणि टायर एकच दिसतात का. शेवटचं झालं तर काळा दोन-तीन आकड्यांनी वर आणा आणि त्यात निळ्याची किंचित झाक ठेवा. नंतर रीप्लेमध्ये टीव्हीचा कॅमेरा लावून पाहा. गाडी लोकांना दिसते ती तिथून, तुम्हाला कॉकपिटमधून फक्त बॉनेटची कड दिसते.

ऑनलाइन शर्यतीत तुमची स्किन दुसऱ्याला दिसायची तर त्याच्याकडेही तेच फोल्डर त्याच नावाने असावं लागतं. नसेल तर त्याला गाडी एखाद्या मूळ रंगात दिसते, तक्रार काहीच येत नाही. कंटेंट मॅनेजरमधून स्किनचं पॅक करा, म्हणजे गाडीच्या फोल्डरपासूनचा सगळा रस्ता झिपमध्ये राहतो आणि समोरच्याला ती फक्त ओढून टाकावी लागते. पॅक करण्याआधी फोल्डरमधून एक्ससीएफ, चाचणीचं चौकटीचं चित्र आणि न बदललेली टेक्स्चर्स काढून टाका, ती नाहीतरी केएन५ मध्ये आहेतच. टेम्पलेट दुसऱ्या कुणाचं असेल तर त्याचं नाव सोबत लिहा. आणि एकदा पाठवल्यावर फोल्डरचं नाव बदलू नका, अगदी त्यात शुद्धलेखनाची चूक सापडली तरी.